‘रोशनी प्रसन्न’चं जलावतरण

चंदर नाखव्याच्या अंगणातलं पाणी पहिल्या सोमवारी निळं होतं, गुरुवारी पोपटी झालं आणि पुढच्या सोमवारी त्याला कुठल्याच रंगाचं नाव देता येईना. तळाशी बदामाची पानं, कावळ्याची दोन पिसं आणि एक बोंबील होता. बोंबील सुका होता. म्हणजे, पडण्यापूर्वी सुका होता.

"याला पूल म्हणतात होय?" त्याच्या बायकोने, सगुणाने, ओट्यावरूनच विचारलं. "आमच्यात याला डबकं म्हणतात."

स्विमिंग पूल बांधणं सोपं असतं. खड्डा खणायचा, निळ्या टाइल लावायच्या, टँकर मागवायचा आणि गवंड्याच्या "नाखवा, टाकीच आहे, फक्त झाकण नाही" या वाक्याकडे दुर्लक्ष करायचं. पुढे त्या पाण्याचं काय करायचं असतं, हे मढमध्ये कोणाला विचारावं हा प्रश्न होता. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या गावात पाणी साफ ठेवणं हे आजवर भरती-ओहोटीचं काम होतं.

घरात पोहता न येणारं कोणी नव्हतं आणि पोहायची हौस असलेलंही कोणी नव्हतं. पूल हवा होता तो शूटिंगसाठी. मढमध्ये ज्याच्या घराला दोन खांब आणि एक गच्ची आहे, त्याच्या घरात मालिकेतली एखादी तरी सून येऊन रडून गेलेली असते. समोरच्या मार्तंडच्या बंगल्यात तर गेल्या पाच वर्षांत चार श्रीमंत सासरे हार्ट अटॅकने गेले होते, तेही एकाच सोफ्यावर. मार्तंड तो सोफा पाहुण्यांना बसायला देत नसे. चंदरने तीस वर्षं बोट चालवली, मग गुडघ्यांनी संप केला आणि बोट विकावी लागली. तेव्हापासून तो ओट्यावर बसून मार्तंडच्या फाटकातून आत जाणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन बघत होता. मार्तंडकडे कारंजं होतं. पूल नव्हता. चंदरने आयुष्यात जे काही केलं, ते असंच कुठल्या तरी कमतरतेचा अभ्यास करून केलं होतं.

पण पूल झाला तो सगुणाच्या अंगणात. तिथे तिच्या वलांडी उभ्या असत. बांबू रोवून, आडव्या दोऱ्या बांधून त्यावर बोंबील वाळत टाकायचे. पंचवीस वर्षं घर त्या दोऱ्यांवर उभं होतं, हे चंदर सोडून सगळ्यांना माहीत होतं. तिने अंगण दिलं, पण एका अटीवर.

"कार्तिकी पुनवेपर्यंत शूटिंग आली तर तुझा पूल," ती म्हणाली होती. "नाय आली तर पाणी काढून त्यातच माझ्या वलांडी उभ्या करीन. आणि तू काठावर बसून कावळे हाकशील. मांजरांसकट."

एकेकाळी चार खलाशांना शिव्या देणाऱ्या नाखव्याने म्हातारपणी कावळे हाकायचे, तेही मार्तंडच्या समोर. चंदरला रात्री झोप लागत नसे ती यामुळे.

म्हणून सोमवारी फोन आला तेव्हा त्याने तो उभ्याने घेतला. कृणाल नावाचा माणूस, अंधेरीच्या एका मालिकेच्या कंपनीसाठी जागा शोधायचा. रोशनीने, म्हणजे चंदरच्या मुलीने, घराचं एक पान इंटरनेटवर बनवलं होतं. त्या पानाला किमान दोन फोटो लागत. पहिला तिने पुलाचा टाकला, तोही फोनवर असा निळा करून की आकाश लाजलं असतं. दुसरा मिळेना म्हणून जुना कुठला तरी टाकला. कृणालने ते पान बघितलं होतं.

"काका, डायरेक्टर एकदम फिदा आहे," तो म्हणाला. "मी शनिवारी चारला बघायला येतो. फक्त एक करा. फोटोत आहे ना, डिट्टो तसंच पाहिजे. काही बदल नको."

चंदरने फोन ठेवला आणि डबक्याकडे बघितलं. डबक्याने एक बुडबुडा सोडला.

*

पूल साफ करणारा निवडण्याची प्रक्रिया अशी झाली.

रोशनी वांद्र्याला बँकेत होती. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या संघमित्राचे वडील अंबादास अंधेरीच्या एका क्लबात अठ्ठावीस वर्षं पुलावर होते, आता निवृत्त. त्यांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं: लांब बांबू, एक जाळी, एक ब्रश. दोन दिवस रोज थोडं थोडं.

"पाण्यातलं काढायला मी दुसऱ्याची जाळी आणू?" चंदर म्हणाला. "मढमध्ये लोक थुंकतील."

"मग तुम्हीच मारा ना जाळी, पप्पा."

"मी रिटायर हाय."

उरलं यंत्र. घाटकोपरला अशा यंत्रांचं दुकान होतं आणि तिथे निमेश होता. निमेशने आधी फोनवर एक फॉर्म पाठवला. चंदरने सांगितलेली उत्तरं रोशनीने जशीच्या तशी भरली:

पुलाचा आकार? — मार्तंडच्या कारंज्यात सात वेळा मावेल एवढा.
खोली? — एका टोकाला कंबर, दुसऱ्या टोकाला बायको.
कचऱ्याचा प्रकार? — पानं. पिसं. बोंबील, नग एक.
आपला पूर्वानुभव? — अरबी समुद्र.

हे वाचून निमेशने स्वतःच फोन केला. त्याच्याकडे तीन प्रकार होते. एकाचा पाईप पंपाला जोडायचा, तो गाळ ओढत फिरतो. दुसरा विजेवर चालतो, त्याला लांब वायर. तिसरा बॅटरीवरचा रोबोट, त्याला वायर नाही, तो आपल्या मनाने तळ आणि भिंती घासतो आणि काय केलं ते फोनवर कळवतो. चंदरने पहिले दोन लगेच बाद केले. वायर बांधलेली होडी त्याने कधी बघितली नव्हती.

"इंजिन कितीचं?" त्याने विचारलं.

"काका, इंजिन नसतं, मोटर असते."

"एका फेरीत किती काढतो?"

"बास्केट चार लिटरची आहे."

"किलोत सांग."

घाटकोपरमध्ये हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मग तो म्हणाला की काका, तुम्हाला छोटं मॉडेल पुरेल, तुमचा पूल तसा लहानच आहे. हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. पाच मिनिटांनी चंदरने दुकानातला सगळ्यात मोठा रोबोट घेतला. तो तारांकित हॉटेलांसाठी असतो. तळ घासतो, भिंती चढतो, कडेची रेघही पुसतो.

"ट्रॉलर हाय ट्रॉलर," चंदर सगुणाला म्हणाला.

"आणि म्हावरं कुठाय?" सगुणा म्हणाली.

*

रोबोट शुक्रवारी सकाळी आला. पांढरा, कासवासारखा, पुढे गोल फिरणारे ब्रश. रोशनीचं मत होतं की लगेच पाण्यात सोडावा, शनिवारी चारपर्यंत भरपूर वेळ मिळेल. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

पण चंदर कोळी होता. नवीन होडी आणली आणि तशीच पाण्यात ढकलली, असं त्याच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. होडीला नाव लागतं. हळद-कुंकू लागतं, हार लागतो, बावटा लागतो, नारळ लागतो. आणि होडी भरतीलाच उतरते. भरती शनिवारी सकाळी अकरा वीसला होती.

"पप्पा, ही होडी नाहीये."

"पाण्यात चालते?"

"चालते, पण..."

"मग काय हाय?"

बँकेच्या परीक्षांत हे विचारत नाहीत.

शुक्रवारी संध्याकाळी चंदरने बोटीचा उरलेला लाल ऑइलपेंट काढला आणि रोबोटच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘रोशनी प्रसन्न’ लिहिलं. ऑइलपेंट वाळायला दोन दिवस लागतात, हे तीस वर्षं बोट रंगवणाऱ्या माणसाला माहीत असतं. पण अक्षरं बारीक होती, म्हणून त्याने बारीक वेळ धरला.

शनिवारी अर्धं गाव अंगणात होतं. निमेशही आला होता, रोबोट कसा वापरायचा ते दाखवायला. सगुणाने रोबोटला सढळ हाताने हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. तिला पूल मान्य नव्हता, पण पूजेत कसर ठेवणं हा वेगळा गुन्हा होता. झेंडूचा हार घातला. मुठीला भगवा बावटा बांधला. निमेश दोनदा पुढे आला आणि दोनदा त्याच्या हातात प्रसाद ठेवून त्याला मागे पाठवण्यात आलं.

नारळ फोडायचा मान आळीतल्या वडीलधाऱ्याचा. आळीतला वडीलधारा होता मार्तंड. पाच वर्षं दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, पण वैर वेगळं आणि मान वेगळा. चंदरने स्वतः जाऊन त्याला बोलावलं. मार्तंडही नवी टोपी घालून आला. त्याने रोबोटभोवती एक फेरी मारली, पुलात वाकून बघितलं, "पाणी छान जुनं हाय," असं म्हणाला आणि नारळ हातात घेतला.

होडीला नारळ नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर फोडतात. रोबोटला नाळ नसते. मार्तंडने विचार करून मधली जागा निवडली आणि असा घाव घातला की त्यात गेल्या पाच वर्षांतलं काहीच शिल्लक राहिलं नाही. नारळाचे पाच तुकडे झाले. तीन सापडले.

"काका, वॉरंटी..." निमेश म्हणाला. त्याच्या हातात पुन्हा प्रसाद आला.

अकरा वीसला चंदरने बटण दाबलं आणि ‘रोशनी प्रसन्न’ दोन्ही हातांनी पाण्यात सोडली.

ती बुडाली.

सरळ, शांतपणे, हारासकट, बावट्यासकट तळाला गेली. अंगणात शंभर माणसं होती. या लोकांनी नव्या होड्या उतरताना बघितल्या होत्या, जुन्या होड्या बुडताना बघितल्या होत्या. पण नारळ फुटल्याबरोबर बुडणारी होडी कोणी बघितली नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावला. मार्तंडने टोपी काढून हातात धरली. माणूस गेल्यावर काढतात तशी.

एवढ्यात निमेशने टाळ्या वाजवल्या. "परफेक्ट!" तो म्हणाला. "तो खालीच जातो."

कोणी टाळ्यांत सामील झालं नाही.

*

पुढची वीस मिनिटं काय झालं, हे काठावरून दिसत नव्हतं. जे कळलं ते रोशनीच्या फोनवर. रोबोट मराठीत कळवत होता. निमेशच्या मते ही त्या मॉडेलची खासियत होती.

‘नमस्कार. मी सफाई सुरू करत आहे.’

‘तळ ओळखत आहे.’

‘तळ ओळखता आला नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे.’

‘ब्रशमध्ये दोरा आढळला.’ हा हार.

‘ब्रशमध्ये कापड आढळले.’ हा बावटा.

‘तोंडात कठीण वस्तू आढळली.’ हा चौथा तुकडा.

‘सफाई: ३ टक्के. पाण्याची स्थिती: सुरू केल्यापासून अधिक खराब. कृपया कचऱ्याचा स्रोत शोधा.’

कचऱ्याचा स्रोत तळाशी गोल गोल फिरत होता. त्याने आधी बारा दिवसांचा गाळ वर आणला, मग त्यात पावशेर हळद कालवली, मग कुंकू. लाल रंगाचा तेलकट तवंग वर आला. झेंडूच्या पाकळ्या एकेक करून वर येऊ लागल्या. अक्षता खाली राहिल्या. पाण्याला कोळंबीच्या कालवणाचा रंग आला आणि पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली की, आता फक्त कोकम राहिलं.

‘बॅटरी संपत आहे. मी कडेला येऊ शकत नाही. मला क्षमा करा.’

निमेशने घड्याळ बघितलं. रोबोटमध्ये पानं, केस, किडे आणि वाळू गेली तर कंपनी जबाबदार आहे, असं त्याने पुस्तिकेतून वाचून दाखवलं. झेंडूचा उल्लेख नव्हता. बावट्याचाही नव्हता. मग त्याला मुलुंडला एक अपॉइंटमेंट असल्याचं आठवलं आणि तो गेला. प्रसाद घेऊन गेला.

चंदर आत गेला आणि माळ्यावरून पाग काढून आणला. हाताने फेकायचं ते गोल जाळं बोट विकल्यापासून उघडलं नव्हतं. त्याने एक टोक दातांत धरलं, घोळ खांद्यावर घेतला आणि गुडघ्यांना न विचारता फेकलं. पाग हवेत पूर्ण गोल उघडला आणि तसाच्या तसा पाण्यावर पडला. पहिल्याच ओढीत रोबोट वर आला. सोबत बदामाची सगळी पानं, पिसं आणि तो बोंबीलही.

आता मात्र अंगणात खऱ्या टाळ्या वाजल्या. मार्तंडनेही वाजवल्या, वाजवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"हेच सोमवारी केलं असतं तर?" सगुणा म्हणाली. तिने हे इतक्या हळू विचारलं की चंदरला ऐकू न आल्याचं सोंग करता आलं.

*

साडेबाराला चंदरने स्वतःहून अंबादासना फोन केला. ते वर्सोव्याहून फेरी बोटीने आले, खांद्यावर बांबू, बांबूला जाळी. पुलाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी पुलात काय काय बघितलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही, पण हे त्यात नव्हतं.

"हळद आहे?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"हळद खाली बसते. तिला वेळ द्यावा लागतो."

"चारपर्यंत?"

"मंगळवारपर्यंत," अंबादास म्हणाले आणि कामाला लागले. काम करताना ते बोलत नसत. तीन तास अंगणात फक्त जाळीचा चळ-चळ आवाज होता. चंदर काठावर बसला होता. पुनवेला एकच दिवस उरला होता. आतून सगुणा वलांडीचे बांबू मोजत असल्याचा आवाज येत होता. ते ती मुद्दाम मोठ्याने मोजत होती.

चार वाजता कृणाल आला. चंदर उठून उभा राहिला आणि पाठ केलेलं बोलू लागला: फिल्टर नवा आहे, रोबोट तारांकित हॉटेलवाला आहे, आज जरा धार्मिक कार्यक्रम होता म्हणून रंग, पण मंगळवारपर्यंत... कृणाल ऐकत नव्हता. तो पुलाच्या पलीकडे बघत होता, मग घराच्या मागे जाऊन आला, मग गच्चीवर जाऊन आला.

"काका, अंगण कुठे?"

"कुठलं अंगण?"

कृणालने फोन पुढे केला. पडद्यावर तो जुना फोटो होता, रोशनीने जागा भरायला टाकलेला. वलांडी, त्यांवर हजारभर बोंबील, खाली पसरलेला गुलाबी जवळा आणि मध्ये सगुणा, कमरेवर हात ठेवून, फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावताना.

"आमची हिरॉईन कोळीण आहे ना," कृणाल म्हणाला. "हे पाहिजे. पूल काय, मढमध्ये कुठेही मिळतो. डायरेक्टर म्हणाला, असं अंगण आता राहिलंच नाही. तुम्हाला सांगितलं होतं ना मी, बदल नको म्हणून?"

अंबादासनी जाळी हवेत थांबवली. "मग मी मारू की नको?"

सगुणा बाहेर आली. तिने फोटो बघितला, पूल बघितला आणि नवऱ्याकडे बघितलं. तीन वाक्यं तिच्या ओठांवर येऊन गेली, ती चंदरने एकेक करून ओळखली. पण ती बोलली कृणालशी.

"पाणी काढायला एक दिवस. बांबू रोवायला एक. बोंबील सुकायला तीन. तुझा डायरेक्टर थांबेल?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, आंटी."

"आंटी नको. सगुणाबाय म्हण."

*

अट दोन्ही बाजूंनी खरी ठरली. शूटिंग ठरलं, म्हणून पूल चंदरचा राहिला. आणि त्यातलं पाणी काढून सगुणाने वलांडी उभ्या केल्या. वर बोंबील, खाली निळ्या टाइलवर जवळा. अंबादासनी टाइल इतक्या घासल्या होत्या की पंचवीस वर्षांत पहिल्यांदा सगुणाच्या जवळ्यात वाळूचा कण नव्हता. मालाडच्या बाजारात बायका तो चाळून चाळून बघत आणि विचारत की, कुठे वाळवता. "पुलात," सगुणा सांगायची. त्यांना ती थट्टा वाटायची.

कावळे हाकायची वेळ मात्र चंदरवर आली नाही. रोबोट फेकवेना, म्हणून त्याने तो पुलाच्याच एका कोपऱ्यात ठेवला होता. पाठीवर ओघळलेलं लाल नाव, कपाळावर न निघणारं कुंकू, ब्रशमध्ये अडकलेला अर्धा हार. का कोण जाणे, मांजरं त्या कोपऱ्याकडे फिरकत नसत. कावळेही बोंबलाकडे बघत, मग त्याच्याकडे बघत आणि मार्तंडच्या गच्चीवर जाऊन बसत.

मालिकेचा तो भाग महिन्याभराने लागला. सगळी आळी चंदरच्या घरात बघायला बसली होती. हिरॉईन अंगणात आली, बोंबलांमधून वाट काढत कोपऱ्यात गेली, डोक्यावरून पदर घेतला, ‘रोशनी प्रसन्न’पुढे गुडघे टेकून हात जोडले आणि समुद्रावर गेलेल्या नवऱ्याला सुखरूप परत आणण्याची विनंती केली. मागे शंख वाजला. शूटिंगच्या दिवशी डायरेक्टरने एवढंच विचारलं होतं की, ही इथली जुनी प्रथा आहे का. आणि चंदर म्हणाला होता, "हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंड फाटकापाशी आला. आत आला नाही. इकडचं तिकडचं बोलला, गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला की, तो घाटकोपरवाला पोरगा, त्याचा नंबर असेल तर दे.

"तुझ्याकडे पूल कुठाय?" चंदरने विचारलं.

"पूल नाय," मार्तंड स्वतःच्या गच्चीवरच्या कावळ्यांकडे बघत म्हणाला. "नारळ तू फोड."